गळती शोधायला काडी ओढणाऱ्या सरांना खुले पत्र

सर,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम’ लिहायची रीत आहे. तो शब्द आज माझ्या हातून उतरत नाही, म्हणून नुसता नमस्कार.

तुमचं नाव मी लिहिणार नाही, आपल्या शाळेचंही नाही. जव्हार-मोखाड्यात अकरावी-बारावी विज्ञानाचे वर्ग किती आणि कुठे, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. शिवाय हे पत्र तुमच्यासारख्याच इतरांच्याही हाती पडावं, म्हणून ते उघड लिहिते आहे. तुम्हाला बंद दाराआड सांगून पाहिलं होतं. स्टाफरूममध्ये चहाचा कप खाली न ठेवता तुम्ही म्हणालात, “मॅडम, झालंय काय एवढं? काही होत नाही.” त्या वेळी सहा जण बसले होते आणि सगळे गप्प राहिले. त्यांच्यासमोर द्यायचं राहिलेलं उत्तर आज देते.

काय झालं ते आधी सरळ लिहून काढते, कारण त्यावर शाईपेक्षा खोडरबरच जास्त फिरलंय.

फेब्रुवारी महिना, बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा, पहिली तुकडी. अठरा मुलं. बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत बसलेले. क्षारांचं पृथक्करण चालू होतं. अकराच्या सुमारास बर्नरच्या ज्योती आखूड झाल्या, लुकलुकल्या आणि एकेक करून विझल्या. सिलिंडर संपला होता. आपले परिचर मामा निवृत्त झाले तेव्हापासून ती जागा रिकामी आहे, हे खरं. प्रयोगशाळेसाठी वेगळी जोडणी घ्यायला पैसे नाहीत, हेही खरं. परीक्षक घड्याळ बघत होते आणि तुमच्या जिवाची घालमेल होत होती, तेही मी पाहत होते. इथवर तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढच्या चार मिनिटांची आहे. वसतिगृहातल्या दोन मुलांना तुम्ही तुमच्या घरी पिटाळलंत आणि घरचा लाल सिलिंडर आणवलात. त्यात गॅस १४.२ किलो, आणि लोखंड जवळपास तेवढंच. म्हणजे एका सतरा वर्षांच्या पोराने तीस किलोचं धूड खांद्यावर घेऊन पायऱ्या चढल्या आणि धाडकन ओट्याखाली आपटलं. त्याने तो हळू ठेवायला हवा होता, हे त्याला कोणी शिकवलं होतं? घरगुती सिलिंडर घराबाहेरच्या कामाला वापरू नये, असा २००० सालचा केंद्र सरकारचा आदेश आहे. तो राहू दे बाजूला. कायद्याच्या आधी साधी रसायनशास्त्राची समज येते, आणि तो विषय आपण दोघंही शिकवतो.

सर, गॅस संपून बर्नर विझतो तेव्हा त्याची तोटी उघडीच असते. आपल्या ओट्यांवर सहा तोट्या होत्या. मुलं लिहीत बसली होती, कोणाच्याही हातून तोटी बंद झाली नव्हती. तुम्हीही बंद करायला सांगितलं नाहीत. पलीकडच्या ओट्यावर दोन मुलींनी ज्योत-परीक्षेसाठी स्पिरिटचा दिवा लावला होता, आणि तारेच्या टोकावर बेरियमची पोपटी ज्योत कशी दिसते ते एक दुसरीला दाखवत होती. म्हणजे खोलीत विस्तव जिवंत होता. एक खिडकी उघडी, बाकीच्या वाऱ्याने कागद उडतात म्हणून लावलेल्या. अशा खोलीत तुम्ही नव्या सिलिंडरचं टोपण उपटलंत, आत न बघता रेग्युलेटर बसवलात आणि कळ फिरवलीत.

फुस्स असा आवाज मला पाच हातांवरून ऐकू आला. मुलं म्हणाली, “सर, वास येतोय.” तुम्ही म्हणालात, “नवीन लावला की थोडा येतोच.” आणि मग तुम्ही काडेपेटी मागितलीत. मला वाटलं, बर्नर पेटवायला. तुम्ही काडी ओढलीत आणि वाकून रेग्युलेटरच्या कडेला धरलीत, कुठून गळतंय ते बघायला.

मी त्या खोलीत होते. “सर, थांबा” एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघायला तीन सेकंद उशीर झाला. त्या तीन सेकंदांचा हिशोब मी माझ्याशी रोज मांडते. तुमच्या काडीचा हिशोब तुम्ही मांडायचा आहे.

ज्योत वीतभर उंच होती. रेग्युलेटरच्या गळ्याभोवती निळी, वर पिवळी. तुम्ही मागे उडी मारलीत ते बरं झालं, नाहीतर तुमचा चेहरा गेला असता. पण तुमच्या मागे खाली पडलेला कागद उचलायला एक मुलगी वाकली होती. तिच्या कपाळावरचे केस चर्रकन जळाले, उजव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत भाजली, आणि ओढणी पेटण्याआधी मैत्रिणीने ती खेचून काढली. मी बादलीतलं भिजलेलं गोणपाट सिलिंडरवर टाकलं आणि त्याच्यावरूनच कळ उलटी फिरवली. कळ फिरली तशी आतली पिन बसली आणि ज्योत गेली. मग सहा तोट्या, मग स्पिरिटचा दिवा, मग सगळी मुलं व्हरांड्यात. जे आधी करायचं होतं ते सगळं नंतर झालं.

संध्याकाळी मी तो सिलिंडर उघड्यावर नेऊन पाहिला. व्हॉल्व्हच्या तोंडात रबरी वॉशरच नव्हता. दोन-चार रुपयांची ती काळी कडी. वरच्या पट्टीवरची चाचणीची खूण व्यवस्थित होती. सिलिंडर मुदतीतलाच होता. त्या पट्टीवर एक अक्षर आणि सालाचे दोन आकडे असतात: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. सिलिंडर पुन्हा तपासायला कधी जायला हवा ते त्यावरून कळतं. ते वाचायला चष्मा आणि दहा सेकंद लागतात. नळी मात्र कुठल्याशा पाण्याच्या पंपाची होती आणि टोकाला बांधकामाच्या तारेने आवळलेली. गॅससाठी केशरी, आतून तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी मिळते. तीही ५ वर्षांनी बदलायची असते.

तुम्ही म्हणाल, घरोघरी बायका सिलिंडर बदलतातच की. बदलतात. माझी आईही बदलायची, आणि देवघरातला दिवा शांत करून मगच सिलिंडरकडे जायची. तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिला वास कळत होता आणि भीती कळत होती.

आता खोलीचं गणित. आपली प्रयोगशाळा तीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि दहा फूट उंच, म्हणजे साधारण १७० घनमीटर हवा. एलपीजीचं हवेतलं प्रमाण सुमारे २ टक्क्यांवर गेलं की ठिणगीला तो पेट घेतो, आणि साडेनऊ टक्क्यांच्या आसपासपर्यंत पेट घेतच राहतो. म्हणजे सगळी खोली भरायला साडेतीन घनमीटर गॅस पुरे. एका घरगुती सिलिंडरमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट असतो. पण सगळी खोली भरावी लागतच नाही. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. तो खाली बसतो, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो. आपल्या खिडक्या ओट्याच्या वर आहेत आणि दाराला चांगला चार बोटं उंबरा आहे. उंबऱ्याच्या आत तो साचतो आणि मुलांच्या घोट्याशी थांबतो. वास यावा म्हणून कंपन्या त्यात मर्कॅप्टन मिसळतात. नाकापर्यंत वास पोचला याचा अर्थ पायाशी तो आधीच आहे. हे सगळं आपण फळ्यावर शिकवतो, वायूंची घनता म्हणून, तीन गुणांना.

मामा हे फळ्यावर शिकले नव्हते. आठवी पास माणूस. पण सिलिंडर बदलायच्या दिवशी मामा आधी प्रयोगशाळा रिकामी करत, मग खिडक्या, मग एकेका तोटीवर हात ठेवून मोठ्याने मोजत: एक बंद, दोन बंद, सहा बंद. मग जुन्याची कळ बंद, रेग्युलेटर काढला की लगेच जुन्याच्या तोंडावर टोपण. “रिकामा म्हणजे रिकामा नसतो, बाई,” म्हणत. नवा सिलिंडर उभाच ठेवायचा, आडवा कधी नाही, आणि घरंगळत आणायचा नाही. टोपणाची दोरी तोडायची नाही, कारण ते टोपण पुन्हा लागणार असतं. दोरी ओढून टोपण काढलं की आत करंगळी घालून वॉशर चाचपायचा. मग व्हॉल्व्हच्या तोंडात पाण्याचे दोन थेंब सोडायचे. बुडबुडा आला तर टोपण लावून सिलिंडर परत. नाही आला तर पाणी टिपून रेग्युलेटर बसवायचा, खट् आवाज येईपर्यंत. शेवटी साबणाचा फेस, दाढीच्या ब्रशने, गळ्याभोवती आणि नळीच्या दोन्ही टोकांना. फेस फुगला नाही की मग मुलं आत. वीस मिनिटं लागत. मामांचा खिसा वॉशरांनी खुळखुळायचा. तुम्ही त्या वीस मिनिटांची थट्टा केलेली मला आठवते. “मामांची पूजा चालू आहे,” म्हणायचात.

त्या दिवशी तुमच्याऐवजी मीच त्या मुलीला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेले. हातावर गार पाणी ओतत ओतत जीपने नेलं. तिचे आईवडील दिवाळीनंतर जगायला गेलेले, भिवंडीकडे वीटभट्टीवर. आपल्या पाड्यांवर फेब्रुवारीत म्हातारी माणसं, शेळ्या आणि शाळेत ठेवलेली पोरं एवढीच असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. भट्टीच्या मुकादमाचा नंबर शोधून निरोप पोचवायला साडेचार तास लागले. तोवर सहीला पालक म्हणून मी. तुम्ही परीक्षकांना जेवायला घेऊन गेला होतात.

तिथे शेजारच्या खाटेवर दम्याच्या एका आजोबांना ऑक्सिजन लावलेला होता आणि सिलिंडर संपत आला होता. तिथल्या सिस्टरनी तो बदलला, ते मी डोळे फाडून पाहिलं. काळं अंग, पांढरा गळा, माणसाच्या खांद्याइतका उंच, भिंतीला साखळीने बांधलेला. त्यात दाब साधारण १५० किलोचा, दर चौरस सेंटिमीटरला. आपल्या बर्नरपर्यंत येणारा गॅस रेग्युलेटरनंतर ३० ग्रॅमवर आलेला असतो, यावरून काय ते समजा. सिस्टरनी आधी आजोबांना छोट्या सिलिंडरवर घेतलं. मग हात साबणाने धुऊन कोरडे केले. मी विचारलं, हात का? म्हणाल्या, “आत्ताच एका बाळाला तेल लावून आले, आणि ऑक्सिजनला तेल चालत नाही.” नव्या सिलिंडरचं लेबल वाचलं, चावी लावली, तोंड भिंतीकडे करून स्वतः बाजूला उभ्या राहिल्या आणि व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद केला. धूळ उडाली. मग रेग्युलेटर, मग चावी हळूहळू, मग काट्याकडे नजर. साखळी परत अडकवली. जुन्यावर खडूने मोठं ‘रिकामा’ लिहिलं. माणूस खाटेवर धापा टाकत असताना त्यांनी एकही पायरी गाळली नाही. घाई तुम्हाला होती तशी त्यांनाही होती, आणि त्यांची घाई तुमच्या घाईपेक्षा कितीतरी खरी होती.

सर, सिलिंडर शांत उभा असतो तेव्हा तो सहसा कोणाला मारत नाही. त्याला हलवताना, जोडताना, भरताना माणसं जातात. २१ एप्रिल २०२१ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी भरण्याचं काम चालू असताना गळती झाली, पुरवठा तुटला आणि त्याच दिवशी २२ रुग्ण गेले. मोखाड्याचा गंभीर रुग्ण आपण त्याच शहरात पाठवतो. त्याआधी २७ जानेवारी २०१८ला मुंबईच्या नायर रुग्णालयात एका तरुणाच्या हातात ऑक्सिजनचा सिलिंडर देऊन त्याला एमआरआयच्या खोलीत पाठवलं गेलं. तो कर्मचारी नव्हता, रुग्णाचा नातेवाईक होता. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला ओढून घेतलं आणि तो गेला. ज्याचं काम नाही त्याच्या हाती सिलिंडर देणं म्हणजे काय, ते त्या घराला विचारा. तुम्ही तो पोराच्या खांद्यावर दिलात. आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या प्रयोगशाळांपैकी एकीत, हायड्रोजनच्या सिलिंडरचा स्फोट होऊन एक तरुण संशोधक जागीच गेला आणि तिघे जखमी झाले. तिथली माणसं तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी शिकलेली होती. तरी घडलं. मग आपण कोणत्या जोरावर ‘काही होत नाही’ म्हणतो?

आणि आपण कुठे राहतो ते विसरू नका. भाजलेलं माणूस इथून हलवायचं म्हणजे तोरंगणचा घाट चढून त्र्यंबकवरून नाशिक, साठेक किलोमीटर. जिल्ह्याचं ठिकाण पालघर त्याहूनही लांब. ऑगस्ट २०२२मध्ये मर्कटवाडीच्या बाईला डोलीत घालून चिखलातून आणावं लागलं, तिची जुळी बाळं गेली, ते सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. शहरात चूक झाली तर दहा मिनिटांत कोणीतरी पोचतं. इथे चूक झाली की आधी रस्ता शोधावा लागतो. म्हणून इथल्या प्रयोगशाळेत शहरापेक्षा दुप्पट काळजी घ्यायला हवी, आणि आपण निम्मीही घेत नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. ही मुलं घरात पहिल्यांदा विज्ञान शिकणारी आहेत. तिचे आजोबा नाचणी-वरईशिवाय दुसरं पीक घेऊ शकले नाहीत, आई भट्टीवर विटा थापते, आणि ही मुलगी बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ज्योतीतला फरक ओळखते. तिला आपण सांगतो की विज्ञान म्हणजे तपासून बघणं. आणि तपासून बघायची वेळ आली तेव्हा तिच्या शिक्षकाने काडी ओढली. जखम भरते आहे, डॉक्टर म्हणतात डाग राहील. गेल्या आठवड्यात तिने मला विचारलं, “बाई, सरांना माहीत नव्हतं का?” मी तिला उत्तर दिलेलं नाही. ते तुम्ही द्या.

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत त्या तारखेपुढे तुमच्या अक्षरात लिहिलंय: ‘किरकोळ घटना. नुकसान नाही.’ एका मुलीचा हात नुकसानीत धरत नसाल तर काय धरता?

माझं मागणं फार नाही. ती ओळ तुम्ही स्वतः खोडा आणि खाली घडलं ते जसंच्या तसं लिहा: तोट्या उघड्या होत्या, दिवा पेटता होता, वॉशर नव्हता, काडी ओढली. खाली सही करा. त्या मुलीच्या आईवडिलांना होळीला ते गावी येतील तेव्हा त्यांच्या दारात जाऊन भेटा. शाळेच्या नावावर १९ किलोच्या निळ्या सिलिंडरची जोडणी घ्यायचा अर्ज मी लिहून मुख्याध्यापकांकडे दिला आहे, त्यावर तुमची शिफारस हवी. पैशांची सोय करायला मी तुमच्याबरोबर दारोदार फिरायला तयार आहे. परिचराची जागा भरावी म्हणून मी तिसरं पत्र पाठवते आहे, त्यावरही सही करा. आणि गळतीचा तातडीचा क्रमांक १९०६ आहे, तो प्रयोगशाळेच्या दारावर तुमच्या हाताने रंगवा. मुलांना तुमचं अक्षर ओळखीचं आहे.

सोमवारी सकाळी दहा वाजता मामा येणार आहेत. मी त्यांना गावाहून बोलावलं आहे, एसटीचं भाडं माझं. ते मुलांसमोर सिलिंडर बदलून दाखवतील, आणि नंतर आपल्या दोघांकडून करून घेतील. वॉशर मी जव्हारच्या बाजारातून आणून ठेवलेत, केशरी नळीही आणली आहे. तुम्ही या. काडेपेटी घरी ठेवून या.

तुमची सहकारी,
रसायनशास्त्राची शिक्षिका